तेलकट कागद

७ जानेवारी

तयार विमानांचे भाव पुन्हा चढले. दोन वर्षांपूर्वी जेवढ्यात दोन येत होती तेवढ्यात आता एक येतं, तेही बॅटरीशिवाय. आज सकाळी माळावर सभासद जमले ते मयतीला जमल्यासारखे. एकाचंही विमान हवेत नव्हतं. सगळे खिशात हात घालून किमतींबद्दल कुजबुजत होते.

आमचा क्लब रिमोटवर चालणारी लहान विमानं उडवतो. सभासद सदतीस, सगळे प्रौढ, निदान जन्मदाखल्यावरून. अकरा वर्षं मी अध्यक्ष आहे, कारण दुसऱ्या कुणाला पाच वाक्यं सलग बोलता येत नाहीत.

दंतवैद्य सगळ्यांत दुःखी. मागच्या महिन्यात त्याने आपलं नवंकोरं तयार विमान झाडावर घातलं. म्हणाला, "साहेब, हा छंद आता आपल्यासारख्यांना परवडणारा राहिला नाही."

"छंद?" मी म्हणालो. "तुम्ही छंद केलात कधी? खोका फोडलात, चार स्क्रू पिळलेत आणि फोटो काढलात. त्याला खरेदी म्हणतात."

चार-दोन जण हसले. दंतवैद्यही हसला. हा माणूस दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालतो, पण त्याच्या स्वतःच्या तोंडातून कधी उत्तर म्हणून निघत नाही.

मग मी बोललो. बोलायचं ठरवलं नव्हतं, पण तीस वर्षं कर्मचारी संघटनेची सभा गाजवलेल्या माणसाला समोर चार तोंडं दिसली की राहवत नाही. म्हणालो, जी माणसं स्वतःच्या हातांनी काही घडवत नाहीत त्यांच्यावर भाव ठरवणारा राज्य करतो, आणि हे इतिहासात पहिल्यांदा घडत नाहीये. किट आणा. लाकूड घासा. गोंदाने बोटं चिकटवून घ्या. तयार विमानाच्या पाव किमतीत विमान होईल, आणि ते तुमचं असेल. वीस मिनिटं बोललो. शेवटी एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मेंढरंच ती.

१० जानेवारी

मेव्हणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली तरी दारात अर्धं मिनिट उभा राहतो, कुणी "ये" म्हणेपर्यंत आपलं येणं झालंच नाही असं समजून. त्याचं छंदाच्या सामानाचं दुकान आहे. सबंध शहरात तेवढं एकच, आणि तेही कसंबसं.

"दाजी, तुमच्या रविवारच्या भाषणाबद्दल कळलं."

"तुला बुधवारी कळलं? वेगाने चाललाय धंदा."

"तसं नाही, पण... माझ्याकडे तीस किट तयार आहेत."

सहा महिने हा दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लाकूड कापतोय. पंखांच्या बरगड्या, कणे, शेपटी, सगळं. नकाशाही स्वतःच काढलाय. तयार विमानं मागवणं त्याने बंद केलं, त्या भावाला ती कुणी घेत नाही. मार्चअखेर दुकानाचा करार संपतो. किट खपली तर करार वाढवणार, नाहीतर शटर ओढणार. हे सगळं त्याने हिला सांगितलं, माझ्यासमोर, मी खोलीतलं कपाट असल्यासारखं.

ही म्हणाली, "अहो, तुम्ही वर्ग घ्या ना. बांधायचं कसं ते कुणी दाखवलं तर लोक किट घेतील."

"दाखवायला येतं म्हणूनच मला विचारताय ना?"

"हो तर. अकरा विमानं बांधलीत तुम्ही." ही भावाकडे बघून म्हणाली. भाऊ चहाच्या कपात बघत होता.

मी होकार दिला. एका अटीवर. माझी जुनी विमानं बांधताना हा घरी यायचा, फळीवर नकाशाचा कागद ताणून टाचण्या मारून द्यायचा. तेवढीच हमाली. पण पहिला पंख झाला की हा तोच कागद काढून पुन्हा लावायचा, आणि दुसऱ्यांदा लावलेला कागद दर वेळी तेलाने माखलेला. काय खाऊन येत होता कोण जाणे. नात्यातला म्हणून मी अकरा वेळा गिळलं. आता वर्गापुढे असला गबाळेपणा चालणार नाही. स्पष्ट सांगितलं, कागदाला तू हात लावायचा नाहीस.

"तसं नाही, पण दाजी, ते तेल म्हणजे..."

"तेल स्वयंपाकघरात."

त्याने उरलेला चहा संपवला.

१३ जानेवारी

दहा जणांनी नावं दिली, दहा किट खपली. हिने फोन करून भावाला सांगितलं तेव्हा तो "खरंच?" असं तीनदा म्हणाला म्हणे. दुकान त्याचं आणि आश्चर्यही त्यालाच.

२० जानेवारी

वर्ग सुरू झाला. दुकानामागची खोली, दहा टेबलं, दहा फळ्या, वर दोन ट्यूबलाइट. पुढे माझी अकरावी फळी, तिच्यावर मेव्हण्याने नमुन्याला कापलेलं, त्या तीसांबाहेरचं किट. दर शनिवारी दुपारी तीन तास.

काय माणसं आहेत. करसल्लागार सँडपेपर कुठल्या बाजूने घासायचा ते विचारतो. दंतवैद्य गोंदाची बाटली उघडताना टोपणाशी दोन बोटं चिकटवून बसला. पावाची भट्टी चालवणारा एक धिप्पाड गृहस्थ आहे, बरगडी उचलतो ती मोडूनच. एक बाई आहेत, मुलींना शिवणकाम शिकवतात. का आल्या विचारलं तर म्हणाल्या, "पंखाला कापड चढवायचं असतं ना, ते बघायचं होतं." म्हणजे विमान बघायचं नव्हतं. उत्तम.

नकाशा फळीपेक्षा वीतभर लांब निघाला. मेव्हण्याची मापं. खाली एक पट्टी होती, बारीक अक्षरांत काहीबाही सूचना भरलेली. मी सगळ्यांना ती कापून टाकायला लावली. सूचना हे भित्र्या माणसाचं साहित्य आहे, असं मी म्हणालो, आणि शिकवणारा समोर उभा असताना कागदाला काय विचारता? दहा जणांपैकी नऊ जणांनी पट्टी कापली. शिवणवाल्या बाईंनी दुमडून फळीखाली घातली. म्हणाल्या, "आम्ही कागदी बेतणी कधी कापून टाकत नाही हो, सवय नाही." कापलेल्या पट्ट्या मी घरी आणल्या. मागच्या बाजूने कोऱ्या आहेत, हिला उपयोगी पडतील.

३ फेब्रुवारी

उजवा पंख पुरा झाला. म्हणजे माझा झाला, बाकीच्यांचं काहीतरी झालं. दंतवैद्याची एक बरगडी मी सगळ्यांना उंच धरून दाखवली. "ही बरगडी आहे की दाढ?" खोली हसली. दंतवैद्याचे कान लाल झाले. करसल्लागाराचा पंख उन्हात ठेवलेल्या पुठ्ठ्यासारखा वाकलाय. त्याला म्हणालो, लोकांचे हिशेब जसे सरळ करता तसा हाही करा.

एक चांगली खूण दिसते. पहिल्या आठवड्यात प्रश्नांनी डोकं खाल्लं होतं. आज तीन तासांत एकही प्रश्न आला नाही. समजायला लागलंय.

१० फेब्रुवारी

आज दुसरा पंख. मी माझ्या फळीवरचा पंख उचलला, कागद पुसला, टाचण्या पुन्हा मारल्या आणि त्याच रेघांवर दुसऱ्या पंखाचा कणा मांडला. कागद स्वच्छ, पांढरा. बारा वर्षांत पहिल्यांदा मी स्वच्छ कागदावर दुसरा पंख बांधतोय, हे मी वर्गाला सांगितलंही. नऊ जणांनी माझ्यामागे कणे मांडले.

शिवणवाल्या बाई मांडेनात. म्हणाल्या, "साहेब, एक विचारू का? दुसरी बाजू उलटी नको?"

"उलटी म्हणजे?"

"बाहीसारखी. दोन्ही बाह्या एकाच कागदावरून एकाच बाजूने कापल्या तर दोन्ही एकाच हाताच्या होतात."

दंतवैद्याचा हात अर्धा वर गेला होता, मग त्याने त्याच हाताने डोकं खाजवलं. मी म्हणालो, "बाई, सदरा उडत नाही."

हशा पिकला. सुटल्यासारखे हसले सगळे. मग मी चार शब्द बोललो, की प्रत्येक माणूस जगाकडे आपल्या धंद्याच्या खिडकीतून बघतो, न्हाव्याला झाड दिसलं तरी कापावंसं वाटतं, पण विद्येच्या दारात आपला धंदा बाहेर काढून ठेवायचा असतो. बाई "बरं" म्हणाल्या आणि फळी पिशवीत घालून घरी घेऊन गेल्या. एक कमी झाली. होऊ दे.

१७ फेब्रुवारी

लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

आज पंख जोडायचे होते. दुकानात मेव्हणा खूश होता, दोन नवीन माणसं किटची चौकशी करून गेली होती. मी सगळ्यांच्या पुढे उभा राहून माझे दोन पंख घेतले. पहिला विमानाच्या अंगाला नीट बसला. दुसरा बसेना. त्याची पुढची गोल कड मागे येत होती आणि मागची धार पुढे. फिरवून पाहिला, मग पोट वर आलं. पुन्हा फिरवला. दोन्ही पायांना उजवाच बूट आणल्यासारखं झालं होतं. वर बघितलं तर नऊ टेबलांवर नऊ माणसं हातात पंख घेऊन तसेच फिरवत होती. फक्त लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज.

कोपऱ्यात खट्ट वाजलं. शिवणवाल्या बाईंचे दोन्ही पंख बसले होते. त्यांनी पटकन त्यावर टेबलावरचं फडकं टाकलं.

मेव्हणा दारात आला. अर्धं मिनिट उभा राहिला. दहा फळ्यांवरून नजर फिरवली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "थांबा सगळे. चूक माझी आहे. नकाशात डावा पंख काढायचा राहून गेला माझ्याकडून. तुम्हाला सगळ्यांना नवीन किट देतो. पैसे नकोत."

मी म्हणालो, "निदान कबूल तरी केलंस."

त्याने मान हलवली आणि आत जाऊन नऊ खोके आणले.

१८ फेब्रुवारी

ही आज दिवसभर माझ्याशी बोलली नाही. भावाच्या कामाची लाज वाटत असणार.

२१ फेब्रुवारी

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. नकाशात डावा पंख नव्हता हे खरं. पण माझ्या जुन्या अकरा विमानांच्या नकाशांतही एकच पंख होता, मला तो कागद स्पष्ट आठवतो. मग ती अकरा विमानं डाव्या पंखाने उडाली कशी?

त्या वेळचे नकाशे वेगळे असतील.

२४ फेब्रुवारी

आज वर्ग नव्हता. हिने सामान आणायला पाठवलं. यादी लिहिली होती लांबट कागदाच्या पट्टीवर: साबण, काडेपेटी, मीठ, सुतळी. वाण्याकडे रांग होती. पट्टी हातात उलटली गेली. मागे मेव्हण्याचं बारीक, गोल अक्षर:

"डावा पंख बांधताना कागदाला तेल लावून तो उलटा करावा. तेलामुळे रेघा मागून दिसतात. ही पट्टी कापू नये."

माझा नंबर आला तेव्हा वाण्याने दोनदा विचारलं म्हणे, काय हवंय.

घरी आलो. पिशवी बघून ही म्हणाली, "काडेपेटी राहिली. यादी वाचली नाहीत का?"

"वाचली."

"दोन्हीकडून?"

मी खुर्चीत बसलो. ही मीठ डब्यात भरत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "लोकांना सांगून टाका. त्याच्या किटचं नाव खराब झालंय."

"काय सांगू?"

"एवढं बोलता. तेवढं सुचेल."

२५ फेब्रुवारी

सांगू नये, याला कारणं काढली. मी सांगितलं तर मेव्हणा खोटा ठरेल. वर्गाचा विश्वास उडेल. क्लबात अध्यक्षाची किंमत राहणार नाही आणि मग किटची चळवळच बुडेल, लोक पुन्हा तयार खोक्यांकडे वळतील. वस्तू देऊन प्रकरण मिटलंय, ते पुन्हा उकरायचं कशाला. अशी एकूण सात निघाली. संघटनेत असताना समोरच्या साहेबाने सात कारणं दिली की मी भर सभेत म्हणायचो, आठवं सांगा.

४ मार्च

माळावर गेलो. दंतवैद्याने नवीन तयार विमान आणलंय. वाढलेल्या भावात! आणि वर लाजतोय, जसं काही मी त्याला दारूच्या गुत्त्यावर पकडलं. म्हणाला, "किट घरी आहे साहेब, करीन कधीतरी. पण वेळ कुठे असतो?" थुंकावंसं वाटलं. पाव किमतीचं काम समोर पडलंय आणि हा चौपट देऊन आळस विकत घेतो.

दोन नवे सभासद आपापसात बोलत होते. एक म्हणाला, "किट घ्यायचं ना?" दुसरा म्हणाला, "त्या दुकानातलं नको. नकाशा चुकीचा असतो म्हणे. सगळ्या वर्गाचे पंख वाया गेले."

मी तीन पावलांवर होतो. घसा खाकरला. दोघांनी आदराने बघितलं, अध्यक्ष काही बोलणार म्हणून. मी म्हणालो, "वारा पडलाय आज."

१० मार्च

वर्गाला एकट्या शिवणवाल्या बाई आल्या. विमानाला कापड चढवून आणलं होतं. एक सुरकुती नाही. मी पंखांच्या जोडात काही खोट निघते का बघत होतो. निघाली नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, मी दोन दिवस विचार केला, तुम्हाला पुन्हा सांगावं की नाही. मग म्हटलं, नको."

"का नको?"

त्यांनी सुई उशीत टोचली आणि विमान उचलून गेल्या.

दुकानात अकरा खोके आहेत. तीन आठवड्यांत एकही हललेला नाही.

२४ मार्च

मेव्हण्याने मालकाला कळवलं. करार वाढवत नाही. ही आज सकाळपासून भावाकडे आहे, सामान आवरायला.

दुपारी मी गेलो. मेव्हणा म्हणाला, "दाजी, दारावर एक कागद लावायचाय. दुकान बंद होतंय म्हणून. तुमचे शब्द चांगले असतात."

मी तिथेच गल्ल्यावर बसून लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात काळ आला, कारागिरीचा अस्त आला, विकत घेण्याच्या व्यसनाने पोखरलेला समाज आला. दीड पान. मेव्हण्याने चष्मा लावून वाचलं. म्हणाला, "छान आहे. पण लोक उभ्याने वाचतात हो."

घरी येऊन लहान करत गेलो. काळ गेला. समाज गेला. जेवढं खोडावं तेवढं एकच उरायला लागलं. शेवटी एवढं राहिलं:

"या दुकानाच्या किटचा नकाशा बरोबर होता. पंख चुकीचे बांधायला मी शिकवले. अध्यक्ष, विमान क्लब."

२५ मार्च

सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन शटरवर चिकटवला. चारही कोपरे दाबले. परतताना पाय हलके होते. तीस वर्षांत एवढं धैर्याचं काही मी केलं नव्हतं. हिला सांगितलं. ही म्हणाली, "त्याला विचारलंत?"

खरं बोलायला परवानगी कसली, असं मी म्हणालो.

२६ मार्च

कागद नाही. शटरवर नुसते चार गोंदाचे ठिपके. आत गेलो. मेव्हणा फळ्या उतरवत होता, माझा कागद घडी घालून गल्ल्यावर.

"का काढलास?"

"दाजी, ते माझं दार आहे."

"मी खरं लिहिलं."

"लिहिलंत. पाच दिवस उरले असताना. आणि दारात उभं राहून वाचणार कोण? रस्त्यावरचे. ज्यांचे पंख गेले ते या रस्त्याला महिनाभर फिरकले नाहीत." स्क्रू काढता काढता तो बोलत होता, माझ्याकडे न बघता. "तुम्हाला सांगायचंय ना? माणसं नऊ आहेत, पत्ते वहीत आहेत. माझ्या दुकानाचं शेवटचं वाक्यसुद्धा तुमचंच कशाला हवं?"

हा मनुष्य माझ्यासमोर एवढी वाक्यं सलग बोलू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. वही घेऊन बाहेर पडलो. रागावलो होतो. कुणावर, ते चौकापर्यंत ठरलं नाही.

२७ मार्च

दंतवैद्याकडे गेलो. सगळ्यांत आधी त्याच्याकडे, कारण तो मला सगळ्यांत किरकोळ माणूस वाटतो, तिथे सोपं जाईल म्हणून. बाकावर सहाव्या नंबराला बसलो. आत कुणीतरी कण्हत होतं. नंबर आला तेव्हा त्याला वाटलं दाढ दुखतेय, त्याने खुर्चीत बसवलं आणि दिवा तोंडावर आणला.

दिव्याखालीच सांगितलं. नकाशा बरोबर होता. पट्टी मी कापायला लावली. चूक मेव्हण्याची नव्हती.

तो हातमोजे काढत म्हणाला, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"बाईंनी बाहीचं विचारलं तेव्हाच लक्षात आलं. माझ्या शेजारच्या भट्टीवाल्यालाही. करसल्लागाराला तर घरी जाऊन कळलं, त्याने मला फोन केला."

"मग बोलला का नाहीत? एवढं लाकूड, एवढं काम फुकट घालवलंत?"

"लाकडाचं काय हो," तो म्हणाला. "आदल्या शनिवारी तुम्ही माझी बरगडी वर धरली होतीत. घरी गेल्यावर मुलीने विचारलं, बाबा, आज काय शिकलात? लाकूड परवडतं, साहेब. तुमचं बोलणं परवडत नाही. शेवटी मी तयार विमान घेतलं ते वेळ नव्हता म्हणून नाही. खोका फोडताना कुणी हसत नाही."

दिवा अजून तोंडावर होता. मी त्याला म्हणालो दिवा बाजूला करा. त्याने केला.

"पण मेव्हण्याने चूक स्वतःवर घेतली तेव्हा तरी..."

"तेव्हा लाज वाटली. म्हणून तर त्याने फुकट दिलेलं किट उघडलं नाही." त्याने औषधांच्या कपाटावरून खोका काढला. दोरीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. "घेऊन जा परत. मला त्याच्यासमोर उभं राहवत नाही."

मीही त्याच्यासारखाच भित्रा निघालो की. फक्त मोठ्या आवाजाचा.

२९ मार्च

नऊही घरं झाली. कुणी चहा दिला, कुणी दारातूनच ऐकलं. भट्टीवाला म्हणाला, "बरं झालं आलात," आणि पुन्हा भट्टीत वाकला. सात जणांनी न उघडलेले खोके परत दिले. दोघांनी ठेवले, म्हणाले आता नकाशा बरोबर आहे हे कळलं तर बांधू. कुणीही "असू द्या, होतं असं" म्हणालं नाही. एका परीने बरं वाटलं. म्हणाले असते तर मी त्यांच्याकडे पुन्हा तुच्छतेनेच बघितलं असतं.

३१ मार्च

दुकानाचा शेवटचा दिवस. फळ्या उतरल्या होत्या, अठरा खोके जमिनीवर एकावर एक. शिवणवाल्या बाईंनी आपल्या वर्गातलं एक कपाट द्यायचं कबूल केलंय, खोके उद्या तिकडे जाणार. शनिवारी दुपारी मुली नसतात, तेव्हा बांधणीचा वर्ग त्या घेतील. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, मीही विचारलं नाही. ही झाडत होती. मी सुतळी कापून देत होतो.

दुपारी एक बसचालक आला, गणवेशातच. त्याला भाच्यासाठी तयार विमान हवं होतं. मेव्हण्याने काचेत उरलेल्या एकमेव विमानाचा भाव सांगितला. चालकाने शीळ घातली. "एवढ्यात तर खरं येईल!"

"किट आहे," मेव्हणा म्हणाला. "पाव किमतीत. पण बांधावं लागेल."

चालकाने खोका उचलून हलवून पाहिला. "हेच ना ते? माझ्या गाडीत रोज एकजण येतो, तो सांगत होता, याचा नकाशा चुकीचा असतो. दोन्ही पंख एकाच बाजूचे होतात."

मेव्हण्याने तोंड उघडलं. "तसं नाही, पण..." आणि थांबला. हिचा झाडू थांबला.

मी म्हणालो, "नकाशा बरोबर आहे. ज्याने शिकवलं त्याने चुकवलं."

"कोण शिकवत होतं?"

"मी."

चालकाने मला वरून खालपर्यंत बघितलं. तिकीट नसलेल्या माणसाकडे बघतात तसं.

"आता पुढे पण तुम्हीच शिकवणार?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग द्या एक," तो मेव्हण्याला म्हणाला.

मेव्हणा सुतळी आणायला मागच्या खोलीत गेला. सुतळी माझ्या हातात होती. तो बराच वेळ बाहेर आला नाही, आणि आतून त्याच्या हसण्याचा आवाज येत होता. मी खोका बांधून दिला.